पलीकडची रांग

इना टर्नबुलने उजवा हात पुढे केला, विल्माचा हात धरला, गर्रकन फिरली आणि सरळ पुरुषांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिथे विल्मा आधीच उभी होती. कपाळमोक्ष टळला तो केवळ इना तिच्यापेक्षा वीतभर उंच होती म्हणून. विल्माचं नाक मात्र इनाच्या स्वेटरच्या बटणावर जाऊन आदळलं.

“आई गं!” विल्मा नाक चोळत म्हणाली. “एका संध्याकाळी चौथ्यांदा. अगं इना, ही माझी जागा आहे. मी पुरुष आणि तू बाई. जन्मापासून बाईच आहेस तू, एवढं तरी लक्षात ठेव.”

“माझ्या लक्षात आहे गं. पायांच्या लक्षात राहत नाही.”

“मग पाय घरी ठेवून ये.”

मिसेस हॉगनी टेप बंद केला. ऐंशी वर्षांच्या या बाईंनी एलरबर्न गावाच्या तीन पिढ्यांना नाचायला शिकवलं होतं आणि त्यांचा आवाज अजून नदीपलीकडे ऐकू जाई, असं लोक म्हणत.

“इना, इकडे बघ. वादकांकडे तोंड केलं की डाव्या हाताला पुरुषांची रांग आणि उजव्या हाताला बायकांची. समोरासमोर उभं राहायचं, हात धरून एक फेरी घ्यायची आणि आपापल्या रांगेत परत यायचं. तिथून रांगेच्या मागून खाली, वादकांपासून दूरच्या टोकाला, उतरायचं. यात कठीण काय आहे?”

“काहीच नाही, मिसेस हॉग.”

“मग पुन्हा.”

पुन्हा केलं आणि पुन्हा तेच झालं. या वेळी विल्मा शहाणपणाने आधीच बाजूला सरकली होती.

कठीण खरोखरच काही नव्हतं. एलरबर्नमधल्या शेंबड्या पोरांनाही हे येतं. पण इना एकोणीस वर्षांची असताना एका मंगळवारी पुरुष कमी पडले होते. मेंढ्या वितात त्या दिवसांत गावातले पुरुष नाचाकडे फिरकतच नाहीत. मिसेस हॉगनी हॉलमध्ये एकवार नजर फिरवली आणि सगळ्यांत उंच पोरीच्या गळ्यात हिरवा पट्टा अडकवला. पुरुष म्हणून नाचणाऱ्या बाईने असा पट्टा घालायचा, म्हणजे कुणाचा घोटाळा होत नाही. “आजच्यापुरतं हं,” त्या म्हणाल्या होत्या. तो मंगळवार अडतीस वर्षं चालला.

आणि खोटं कशाला सांगायचं, इना पुरुष म्हणून नाचायची झकास. तिचा हात पक्का, ताल पक्का आणि ती कुणाच्या पायावर पाय देत नसे. गावातल्या कितीतरी बायका नवऱ्याला खुर्चीवर बसवून तिच्याबरोबर नाचायला येत. विल्मा तर गेली तीस वर्षं तिची ठरलेली जोडीदारीण होती. गावातली जवळजवळ प्रत्येक बाई इनाने कधी ना कधी फिरवली होती. तिला मात्र कुणी फिरवलं नव्हतं. याचं तिला वाईट वाटत असे, अगदी सरळ वाईट वाटत असे, पण सांगणार कुणाला? लोक हसून म्हणाले असते, तुला फिरवायला शिडी लागेल.

ही सगळी भानगड तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली, ऑस्विन डॉडमुळे. ऑस्विन नदीपलीकडचा, हेदरविकचा, म्हणजे इंग्लंडचा; एलरबर्न स्कॉटलंडात आणि मधली नदी हीच सरहद्द. वय साठीच्या पुढे, उंची इनाच्या खांद्याइतकी. शेतांच्या कडेने दगडावर दगड रचून गडगे बांधणं हा त्याचा धंदा. हिवाळ्यापासून तो दर मंगळवारी पूल ओलांडून येई, खुर्च्या मांडी, चहा करी, कप विसळी, पण नाचत नसे. गुडघा दुखतो म्हणे. इनाच्या चहात साखर नको हे त्याने एकदाच ऐकलं होतं आणि पुन्हा कधी विचारलं नव्हतं. इनाला आताशा सोमवारपासूनच मंगळवारची आठवण यायला लागे.

त्या दिवशी तो कप पुसता पुसता म्हणाला होता, “मेळाव्याचा पहिला नाच आहे ना, त्यात पहिल्या जोडीला यंदा आमच्याकडचा पुरुष आणि तुमच्याकडची बाई हवी. मिसेस हॉगनी मला गळ घातलीय. तर मी म्हटलं… तुम्ही याल का?”

“येईन,” इना म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हणून बसलो.

“आणि गुडघा?” तिने कसंबसं विचारलं.

“तोवर बरा होईल,” ऑस्विन कपाकडे बघत म्हणाला.

मेळावा वर्षातून एकदाच, मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी दुपारी भरत असे. अर्धे नाच त्यांचे, अर्धे आपले. दोन्ही गावं झाडून जमत आणि पहिल्या जोडीकडे दीडशे माणसं डोळे लावून बसत. त्या दीडशे माणसांसमोर इना सवयीने पुरुषांच्या रांगेत घुसणार, ऑस्विनला ढकलून देणार आणि हॉलभर हशा पिकणार. तिला स्वतःचं काही वाटलं नसतं, बस चालवताना शाळेची पोरं रोजच तिच्यावर हसत असत. पण हा अबोल माणूस तोंडघशी पडला तर मान खाली घालून पूल ओलांडून जाईल आणि पुन्हा येणार नाही, अशी तिची खात्री होती. तेवढ्या एका गोष्टीने तिची झोप उडाली होती.

“आजची ही शेवटची तालीम,” मिसेस हॉग टेप पिशवीत भरत म्हणाल्या. “शनिवारी मी वादकांजवळ उभी राहीन. चुकायला लागलीस की ओरडेन. दुसरं काय करू?”

“ओरडाच,” इना म्हणाली.

बाहेर पडून फाटकापाशी आल्यावर विल्मा म्हणाली, “तू त्याच्याबरोबर नाचायला लागलीस की मी कुणाबरोबर नाचायचं गं?”

“एक नाच आहे, विल्मा.”

“हो, हो. तुझा तो एक मंगळवारही ठाऊक आहे मला.”

बुधवारी आणि गुरुवारी इनाने स्वयंपाकघरात सराव केला. टेबल भिंतीला लावलं, खुर्च्यांच्या दोन रांगा केल्या आणि लांब दांड्याच्या झाडूला पुरुष केलं. पण झाडूचा हात धरला की तीच त्याला फिरवायची आणि तीच त्याला रांगेत नेऊन पोचवायची. झाडू बिचारा मुकाट्याने मागे येत होता.

शुक्रवारी दुपारी पोरांना घरोघर सोडल्यावर तिने ठरवलं, आता सांगून टाकायचं. त्याला म्हणायचं, मला बाईसारखं नाचता येत नाही, तुम्ही दुसरी कुणीतरी बघा. हेदरविकच्या वरच्या अंगाला ऑस्विन एक पडका गडगा बांधत होता. तिने रिकामी बस कडेला लावली आणि गवतातून चालत निघाली.

ऑस्विन गडग्याच्या पलीकडे होता. त्याची फक्त टोपी दिसत होती. ती टोपी दोन पावलं पुढे जाई, थबके, एका बाजूला सरके, पुन्हा मागे येई. मधूनच पुटपुटणं ऐकू येत होतं. इनाची सावली दगडांवर पडली तसा तो चोरी पकडल्यासारखा दचकला आणि त्याने हातातला दगड पायावरच पाडून घेतला.

“लागलं का?”

“नाही, नाही. गुडघा मोकळा करत होतो.”

“बरा आहे का आता?”

“आहे. तसा आहे.” त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “मला खरं तर तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“मलाही,” इना म्हणाली.

“मग तुम्ही आधी.”

“नको, तुम्हीच आधी.”

दोघं गडग्याच्या दोन बाजूंना उभी राहिली. एक मेंढी त्यांच्याकडे बघत रवंथ करत होती. ऑस्विनने एक दगड उचलला, फिरवून पाहिला आणि जागच्या जागी ठेवला.

“काही नाही,” तो म्हणाला. “उद्या ऊन पडणार असं म्हणतायत.”

“हो, मीही तेच सांगणार होते,” इना म्हणाली आणि बसकडे परत गेली. सगळी वाट ती स्वतःला शिव्या देत होती.

शनिवारी खरंच ऊन पडलं. हॉलच्या खिडक्या उघडल्या होत्या, टेबलांवर स्कोन आणि अंड्याचे सँडविच रचले होते, आणि नेहमीप्रमाणे एलरबर्नची माणसं खिडक्यांच्या बाजूला तर हेदरविकची स्वयंपाकघराच्या बाजूला बसली होती. असं बसायचं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी मोडतही नव्हतं. इनाने निळा झगा घातला होता. तिला पट्ट्याशिवाय बघून दोघातिघांनी माना वळवल्या.

“आज बाई का गं?” मागून कुणीतरी विचारलं.

“बघू या किती वेळ टिकते,” विल्मा म्हणाली. म्हणाली खरी, पण तिनेच इनाच्या पाठीवरची झग्याची सुरकुती हाताने सरळ केली.

चार जोड्या उभ्या राहिल्या. पहिली जोडी वादकांच्या अगदी जवळ. इना उजव्या रांगेत, बायकांच्या टोकाला, आणि समोर ऑस्विन, इस्त्रीच्या शर्टात, चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्याला दगड उचलायला सांगितलं असतं तर बिचारा सुटला असता. बायकांची रांग, बायकांची रांग, असा इनाने मनात जप धरला.

व्हायोलिनवाल्याने सुरुवातीचा लांब सूर काढला. या सुरावर पुरुषांनी कमरेत वाकायचं आणि बायकांनी गुडघे वाकवून नमस्कार करायचा. इना कमरेत वाकली. वाकल्यावर तिला कळलं आणि कानशिलं तापली. पण हॉलमध्ये कुणी हसलं नाही. तिने मान वर केली तेव्हा ऑस्विन गुडघ्यातून उठत होता. लोकांना वाटलं, बिचाऱ्याचा गुडघा.

मग नाच सुरू झाला. दोघं पुढे आली, उजव्या हातात उजवा हात आला. त्याचा हात दगडासारखा खरखरीत होता, पण पकड हलकी होती, अगदी हलकी, जणू कुणी फिरवेल तसं फिरायची त्या हाताला सवय होती. इनाने त्याला फिरवलं. एक फेरी झाली, हात सुटले आणि तिच्या पायांनी तिला न विचारता जे करायचं तेच केलं. ती सरळ पुरुषांच्या रांगेकडे निघाली.

मिसेस हॉगनी ओरडायला तोंड उघडलं. विल्माने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या जोडीतला हेदरविकचा दाढीवाला शेतकरी धक्का बसणार म्हणून आधीच अंग चोरून उभा राहिला.

धक्का बसला नाही. इना पुरुषांच्या रांगेच्या टोकाशी पोचली तर जागा रिकामी होती. तिने चमकून समोर पाहिलं. ऑस्विन बायकांच्या रांगेत उभा होता. तिथे तो धडपडत, चुकून पोचला नव्हता. तो नीट येऊन उभा राहिला होता आणि तिच्याइतक्याच आश्चर्याने तिच्याकडे बघत होता.

थांबायला वेळ नव्हता. व्हायोलिन पुढे गेलं होतं. इना पुरुषांच्या रांगेमागून खाली उतरली, ऑस्विन बायकांच्या मागून. पावलं तिची तिला सापडत होती, मोजावी लागत नव्हती. रांगांच्या खालच्या टोकाला दोघं पुन्हा समोर आली. इथून जोडीने हात धरून मधून वर यायचं असतं. पुरुषाने तळवा वर करून हात पुढे धरायचा आणि बाईने वरून आपला हात ठेवायचा. इनाने तळवा वर केला. वरून ऑस्विनचा हात आला आणि अलगद टेकला.

“चुकलं का?” तो ओठांच्या कडेने म्हणाला.

“नाही,” इना म्हणाली. “चला.”

ती दोघं मधून वर आली, आणि मग पुन्हा फेरी, पुन्हा उतरणं. एकदाही कुणी कुणावर आदळलं नाही. मिसेस हॉगनी तोंड मिटलं होतं. त्या पायाने ताल धरून उभ्या होत्या. तीन आठवडे छातीवर बसलेलं ओझं कुठे गेलं ते इनाला कळलंच नाही. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिला हसू यायला लागलं. ऑस्विनच्या गालांवरही रंग परत आला होता. कडेला बसलेल्या लोकांत थोडी कुजबुज झाली. काहींना वाटलं, हा नवा प्रकार आहे. बाकीच्यांना नाच चांगला चाललाय एवढंच दिसलं आणि ते टाळ्या वाजवायला लागले.

नाच संपला की पुरुषाने बाईला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं, ही दोन्ही काठांची रीत. इनाने अडतीस वर्षं गावातल्या बायकांना त्यांच्या खुर्च्यांपर्यंत पोचवलं होतं आणि मग ती एकटी आपल्या खुर्चीकडे चालत गेली होती. आताही सवयीने तिने ऑस्विनला हात दिला आणि त्याला स्वयंपाकघराच्या बाजूला, हेदरविकच्या माणसांत घेऊन निघाली.

“हे कुठे शिकलात?” तिने विचारलं.

“पलटणीत. नऊ वर्षं स्कॉटिश पलटणीत काढली मी. हिवाळ्यात बर्फ पडलं की बाहेर पडता येत नसे. मग सार्जंट नाच शिकवायचा. साठ पुरुष, बाई औषधालाही नाही. बुटक्यांनी बायका व्हायचं, असा हुकूम होता.” तो खाली बघून हसला. “माझ्याहून बुटका कुणी नव्हता.”

“आणि इकडे आल्यावर?”

“इकडे एका लग्नात नाचलो. सगळीकडे धडकत होतो, लोकांना वाटलं प्यायलोय. त्यानंतर गुडघा दुखायला लागला.”

इनाला इतकं हसू आलं की तिला थांबावं लागलं.

“पाच आठवडे, तुम्हाला विचारायच्याही आधीपासून, बहिणीच्या घरी पुरुष व्हायचं शिकतोय,” तो म्हणाला. “बहिणीचे पाय सुजलेत. काल गडग्यापाशी सांगणार होतो तुम्हाला. पण तुम्ही हसाल असं वाटलं.”

“आता हसतेच आहे की.”

“हो. पण हे चालेल.”

“मी झाडूबरोबर शिकले,” इना म्हणाली.

“जमलं झाडूला?”

“त्याला तुमच्याइतकं जमलं नाही.”

त्याची खुर्ची आली. ऑस्विन बसला. इना मान हलवून वळली आणि हॉल ओलांडून आपल्या बाजूला निघाली. चार पावलं गेली असेल नसेल, तिला शेजारी बूट वाजल्यासारखे वाटले. ऑस्विन उठून तिच्या बरोबरीने चालत होता.

“तुम्ही कुठे?”

“तुम्हाला पोचवायला,” तो म्हणाला. “कुणीतरी पोचवायला हवं ना.”

खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीपर्यंत अंतर ते कितीसं, पण ती सावकाश चालली, आणि तोही सावकाश चालला. ती बसली. तो उभा राहिला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला.

ती खुर्ची विल्माची होती. विल्मा दोन कप चहा घेऊन आली आणि समोर येऊन थांबली. ऑस्विन गडबडीने उठायला लागला.

“बसा हो, बसा,” विल्मा म्हणाली. तिने दोन्ही कप त्यांच्या हातांत दिले आणि खुर्चीखालची आपली पर्स ओढून काढली. “तीस वर्षं या खिडकीचा वारा खातेय मी. मान धरली माझी.”

मग ती तरातरा हॉल ओलांडून गेली आणि हेदरविकच्या माणसांमध्ये ऑस्विनच्या खुर्चीवर जाऊन बसली. एलरबर्नचं माणूस तिथे कधी बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शेजारी तो दाढीवाला शेतकरी होता. विल्माने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“तुम्ही पुरुष म्हणून नाचता की बाई म्हणून?” तिचा आवाज हॉलभर ऐकू आला. “आधीच सांगून ठेवा. माझं नाक एकच आहे.”

व्हायोलिनवाला खुंट्या पिळत होता. पुढच्या नाचासाठी रांगा लागायला लागल्या. मिसेस हॉगनी पुरुष मोजले. दोन कमी होते. त्यांनी सवयीने इनाकडे पाहिलं, क्षणभर पाहत राहिल्या आणि मग नजर दुसरीकडे वळवली. इना बसून राहिली. चहात साखर नव्हती.